दुपट्ट्याखालचा हात

फसवलं ते मी. फसला तो वसराम — माझा सख्खा पाठचा भाऊ. आमच्या तांड्यात कोणालाही विचारा, बरोबर उलटं सांगतील. वसरामनं लालसिंगला बुडवलं, मोठ्या भावाच्या ताटात जेवून त्याच ताटाला भोक पाडलं, असं घाटंजीच्या बैलबाजारात अजून बोललं जातं. ते बोलणं मीच पेरलं आणि मीच राखलं. आजवर हे कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, देवळात डोकं टेकतानाही नाही. तुम्हाला लिहून सांगतो आहे, कारण बोलायला लागलो की माझा आवाज चढतो, आणि आवाज चढला की मी जिंकतो. या गोष्टीत मला जिंकायचं नाही.

मी बैलांचा व्यापारी. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. पुढं रस्ते आले, गाड्या आल्या, ती लदेणी संपली आणि तांडे एका जागी बसले. माझं लहानपण लोकांची ढोरं राखण्यात गेलं. वसराम शाळेत, मी ढोरांमागं. आई — तिला आम्ही याडी म्हणतो — सकाळी भाकरी बांधून द्यायची तेव्हा त्याच्या भाकरीवर गूळ असायचा, माझ्या भाकरीवर मिरची. मी मोठा म्हणून. हे कशाला सांगतो आहे? कारण माझा राग तिथून सुरू होतो आणि तो अजून गेलेला नाही. कबुली द्यायला बसताना राग बाहेर ठेवून यावं असं वाटलं होतं. तो उठला नाही. असू द्या, तोही माझाच आहे.

ढोरं राखता राखता मला बैलाची खोड ओळखता यायला लागली. मुक्या जनावराचं दुखणं त्याच्या चालीत असतं. कोणता पाय तो जपून टाकतो, कोणत्या खांद्यावर जू ठेवलं की कान मागं जातात, पाणी पिताना मान वाकडी का होते — हे मला दुरून दिसतं. धुळीतल्या खुरांच्या ठशांवरून मी सांगायचो, या बैलाचा मागचा डावा घासतो. लोक हसायचे, मग बैल पाहायचे, मग मला पुढच्या बैलाकडं न्यायचे. या नजरेवर मी धंदा उभा केला. रिकाम्या हातानं सुरू केलेला, कोणाचा आधार नाही, वारसा नाही. आणि खरं सांगायचं तर खोड ओळखणाऱ्याला खोड लपवताही येते. लंगडा बैल मऊ जमिनीवर चालवून दाखवायचा. म्हाताऱ्याच्या शिंगांना तेल लावायचं. मी हे केलं आहे. गिऱ्हाइकाला डोळे असतात ना, मग त्यानं पाहावं — असं माझं म्हणणं असायचं.

पुढचं समजायला आमच्या बाजाराची एक रीत सांगायला हवी. बैलाचा भाव आम्ही तोंडानं करत नाही. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकतात आणि त्याच्या आत एकमेकांची बोटं धरतात. जितकी बोटं घट्ट दाबली तितका भाव. चारी बाजूंनी माणसं उभी असतात, पण कोणाला काही दिसत नाही. तोंडावर काही दाखवायचं नाही. जमलं की दोघं टाळी देतात आणि मगच दुपट्टा निघतो. टाळी पडली की सौदा पक्का. मग आभाळ कोसळलं तरी फिरायचं नाही. हा नियम मोडणाऱ्याबरोबर पुन्हा कोणी दुपट्ट्याखाली हात घालत नाही.

बैल पारखायचा, गिऱ्हाईक गाठायचं, आरडाओरडा करायचा, हे माझं काम. दुपट्ट्याखालचा हात वसरामचा. त्याचा चेहरा शांत होता आणि बोटं लांबसडक. लोक माझ्याशी सौदा करायला बिचकायचे, त्याच्याकडं आपणहून यायचे. तो हसवायचा. एकदा एक म्हातारा आमच्या बैलाचं तोंड उघडून दात पाहत बसला, पाहतच बसला. वसराम म्हणाला, "बाबा, किती पाहता? लगन लावाचं हाय का त्याचं?" सगळा बाजार हसला, म्हाताराही हसला आणि बैल घेऊन गेला. बैल मी आणला होता, पारखला होता, धुतला होता. नाव कोणाचं झालं? वसरामचं. माणूस सरळ आहे म्हणायचे. माझ्याबद्दल कोणी कधी तसं म्हणालं नाही. मी सरळ नव्हतोही, पण ते वेगळं.

मग वसराम हसेनासा झाला.

हे कधीपासून, ते नेमकं सांगता येत नाही. आधी एवढंच दिसलं की विनोद तो करतो, दुसरे हसतात आणि तो डोकं मागून दोन्ही हातांनी धरतो. खोकला आला की तसंच. शिंक आली की डोळे मिटून भिंतीला टेकून उभा राहायचा. "मागून डोकं फुटून राह्यलं भिया," म्हणायचा. भिया म्हणजे भाऊ. मी म्हणायचो, ऊन लागलं असेल, दुपट्टा बांध. कधी म्हणायचो, कामाचा कंटाळा आला की तुझं डोकंच कसं दुखतं? त्याच्या बायकोनं, शेवंतीनं, एकदा माझ्या बायकोजवळ सांगितलं की हे कढत पाणी अंगावर घेतात आणि कोमट आहे म्हणतात. दोघी हसल्या. त्याच्या बोटांच्या बेचक्यात विडीचे काळे डाग पडलेले मी पाहिले होते. विडी तिथं जळत यायची, कातडी जळायची, वास यायचा आणि मग याला कळायचं. अंगठ्याच्या मुळाशी हाताचं मांस असतं ना, फुगीर — ते बसत चाललं होतं. सुकलेल्या वासरासारखं.

मी पाहिलं होतं म्हणतो, ते लक्षात ठेवा. बैलाच्या खुराचा ठसा वाचणारा माणूस भावाचा हात पाहत नाही, असं कसं होईल? मी पाहिलं आणि बाजूला ठेवलं. बैलात खोड निघाली की भाव पडतो, भावात खोड निघाली तर काय पडतं, याचा विचार नको होता.

आता त्या सौद्याकडं येतो.

आमच्याकडं एक खिल्लारी जोडी आली होती. पांढरीशुभ्र, एकाच दिवशी जन्मल्यासारखी. तशी जोडी माझ्या हातातून पुन्हा गेली नाही. माझ्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं आणि त्या जोडीवर सगळं उभं राहणार होतं. पांढरकवड्याकडचा एक व्यापारी आला. वसरामनं त्याच्याबरोबर दुपट्ट्याखाली हात घातला. किती बोटं धरायची ते मी सकाळीच सांगून ठेवलं होतं. थोड्या वेळानं टाळी पडली, दुपट्टा निघाला आणि त्या व्यापाऱ्यानं भाव मोठ्यानं सांगितला. मी सांगितलेल्याच्या जवळजवळ निम्मा.

मला आधी वाटलं, तो थट्टा करतो आहे. मग वसरामचा चेहरा पाहिला. तो शांत चेहरा पहिल्यांदा हललेला होता. "मी पुरी बोटं धरली," तो म्हणाला. व्यापारी म्हणाला, "राजा, जितकी लागली तितकी मी मानली. टाळी तूच देल्ली ना?" माणसं हसली. नियम म्हणजे नियम. जोडी गेली.

आणि मी? मी तिथंच, भर बाजारात, भावाची गचांडी धरली. बाकीचं कोणी गिळलं, असं विचारलं. दुपट्ट्याआड व्यापाऱ्याशी संगनमत करायचं, भाव पाडून द्यायचा आणि आपला वाटा मागून घ्यायचा — बाजारात हे होतं, मी होताना पाहिलं होतं. दुसरं कारण मला सुचलंच नाही. खरंच सुचलं नाही. त्या दिवसापुरता मी खोटा नाही. तो दिवस माझा गुन्हा नाही. गुन्हा पुढच्या दिवशीचा.

दुसऱ्या दिवशी नायकानं बैठक बोलावली. तांड्यात नायकाचा शब्द चालतो. त्या वेळचे नायक म्हातारे होते, आता नाहीत. देवळासमोरच्या कडुनिंबाखाली सगळे जमले. मी तोंड सोडलं होतं ते सकाळपासून बंद केलं नव्हतं. वसराम एवढंच म्हणत होता की मी पुरी बोटं धरली. मग एवढा भाव पडला कसा, असं विचारलं की पुन्हा तेच म्हणायचा. खरं-खोटं ठरेना तेव्हा कोणीतरी जुनी शपथ काढली. आमच्याकडं तळहातावर कापूर पेटवून शपथ घ्यायची रीत होती. खोटा माणूस हात झटकतो, खरा माणूस कापूर विझेपर्यंत धरतो, असं मानायचे. खाली विड्याचं पान ठेवतात, म्हणजे हात भाजत नाही, नुसती झळ लागते.

नायकांनी पान पुढं केलं. वसराम म्हणाला, "पान कायले? मी खरा हाय." त्यानं उघडा तळहात पुढं केला.

कापूर पेटला. तो जळत राहिला. वसरामचा हात हलला नाही. बोट हललं नाही, पापणी हलली नाही. तो हाताकडं पाहतच नव्हता, माझ्याकडं पाहत होता. बायका तोंडाला पदर लावून मागं सरकल्या. कापूर संपला तेव्हा तळहाताच्या मधोमध पांढरा फोड आला होता. आणखी एक क्षण गेला असता तर तांड्यानं वसरामला खरं ठरवलं असतं, त्याच्या पाया पडले असते.

तो क्षण मी जाऊ दिला नाही. मी पुढं झालो, त्याचा हात धरून सगळ्यांना दाखवला आणि म्हणालो, "हा हातावर काहीतरी चोळून आला हाय. मले शिकवता का? आयुष्य गेलं माझं यात."

लोकांना पटलं. का पटू नये? लबाड्या ओळखणारा तांड्यात माझ्याएवढा कोण होता? देवाच्या शपथेतही लबाडी करतो म्हटल्यावर जे उरलं होतं तेही गेलं. कोणी थुंकलं. वसराम काहीतरी बोलायला गेला, माझ्याकडं पाहिलं, आणि तोंड मिटून घेतलं. का मिटलं, हे मला फार उशिरा कळलं.

धंद्यातून तो निघाला. निघाला कसला, मी काढला. बाजारात त्याच्याबरोबर दुपट्ट्याखाली कोणी हात घालेना. शेवंतीला विहिरीवर बायका जागा देईनात. शेवटी तो बायकोला घेऊन पांढरकवड्याकडं गेला, हमरस्त्यावरच्या एका ढाब्यावर कामाला लागला.

मी तिथं एकदा थांबलो होतो. बैलांची गाडी भरून आदिलाबादकडं निघालो होतो, ड्रायव्हरला चहा हवा होता. वसराम भट्टीजवळ होता. मला त्यानं पाहिलं नाही. त्यानं विस्तवावरची कढई दोन्ही कानांना उघड्या हातांनी धरली आणि उचलून खाली ठेवली. फडकं नाही, काही नाही. खाटेवरचा एक ट्रकवाला म्हणाला, "काय गा वसराम, हात हाय का सांडशी?" वसराम म्हणाला, "सांडशी मालकाले विकत घ्या लागते." सगळे हसले. तो हसला नाही, मान ताठ धरून उभा राहिला. मालक कौतुकानं सांगत होता, याच्या हाताला देव पावला आहे. मी पाहिलं. हातांवर नव्या-जुन्या डागांची जाळी झाली होती. मग तो धुळीतून पाणी आणायला गेला आणि त्याच्या पायांचे ठसे माझ्यासमोर उमटले. उजव्या पायाची बोटं घासत गेलेली. बैलाचे असते तर मी म्हणालो असतो, याला घेऊ नका, याचं मागं काहीतरी बिघडत चाललं आहे.

मी चहा संपवला आणि गाडीत बसलो.

हे वाचून तुम्हाला काय वाटत असेल, ते मी ओळखतो. थांबा. अजून पूर्ण झालेलं नाही.

शेवंती माझ्या दारात आली ती बऱ्याच वर्षांनी. वसराम ढाब्यावर पडला होता, पाय उचलत नव्हते, घास गिळताना ठसका लागत होता. यवतमाळला दाखवलं तर त्यांनी नागपूरला न्या म्हटलं. तिला गाडी हवी होती, बाकी काही तिनं मागितलं नाही. मी गाडी काढली आणि स्वतः गेलो. का गेलो? चांगुलपणा समजू नका. माझ्यादेखत कोणी दुसऱ्यानं सांगावं की हे काय आहे, एवढ्यासाठी गेलो.

नागपूरला डोक्याची आणि मानेची मोठी तपासणी झाली. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी भिंतीवर तो काळा-पांढरा फोटो लावला आणि पेनच्या टोकानं दाखवलं. जन्मापासूनच कवटीची मागची जागा लहान आहे, म्हणून मेंदूचा खालचा तुकडा मानेच्या भोकात उतरून बसला आहे. कियारी दोष म्हणतात, फार कमी लोकांत त्रास देतो. खोकलं, शिंकलं, हसलं की तिथं दाब येतो आणि डोकं मागून फुटतं. मेंदूभोवतीचं पाणी खाली जायला वाट राहत नाही, मग ते पाठीच्या मज्जारज्जूत साचतं आणि त्याला आतून फुगवतं. त्यात आधी गरम-थंड आणि दुखणं कळेनासं होतं. हात लावलेला मात्र कळतो, म्हणून माणसाला आपला हात ठीकच वाटतो. मग पकड जाते, बोटं दाबायला जावं तर दबत नाहीत. मग पाय.

पेन त्या फोटोवरून खाली सरकत होतं आणि माझ्यासमोर एकेक गोष्ट येत होती. हसणं. विडी. कढत पाणी. अंगठ्याखालचं मांस. दुपट्ट्याखालची बोटं, जी त्याच्या मनानं पुरी धरली होती आणि व्यापाऱ्याला निम्मीच लागली. त्या व्यापाऱ्यानंही लबाडी केली नव्हती. कोणीच केली नव्हती.

डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशननं वाढ थांबेल, गेलेलं परत येईल असं सांगता येत नाही. हात जायला लागला तेव्हाच आला असता तर बरंच वाचलं असतं. मग माझ्याकडं वळून विचारलं, "एवढी वर्षं घरात कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही?"

मी म्हणालो, "नाही बाई. आम्ही अडाणी माणसं. कोणालेच कळलं नाही."

आता ते सांगतो, ज्यासाठी हे सगळं लिहिलं.

मला कळलं होतं. कियारी नव्हतं कळलं, मेंदू आणि पाणी नव्हतं कळलं. पण निंबाखाली, कापूर जळत असताना, तो हात मेला आहे हे मला कळलं होतं. जळक्या कातडीचा वास आला आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही, तेव्हा विडीचे डाग, सुकलेला अंगठा, कढत पाणी, सगळं एका ठिकाणी येऊन उभं राहिलं. ज्या हाताला विस्तव कळत नाही, त्या हाताची बोटं दुपट्ट्याखाली सरकली असतील, हे समजायला मला किती वेळ लागणार? मी बैल पारखणारा माणूस. कापूर विझण्याआधी मला समजलं होतं की माझा भाऊ चोर नाही.

आणि त्याच क्षणी मला वाटलं, हा महारोग आहे. आमच्याकडं हाताला चटका कळत नाही म्हणजे दुसरं काही नसतंच. हात सुन्न, बोटं वाकडी — लोक एकच नाव घेतात. तांड्यानं ते नाव घेतलं असतं तर माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न त्याच निंबाखाली मोडलं असतं. महारोग्याच्या पुतणीला कोण करून घेणार? तेव्हा मी काय केलं? मी आयुष्यभर जे केलं तेच केलं. दोन जनावरं समोर उभी होती. महारोगी भाऊ आणि चोर भाऊ. कोणता स्वस्त पडेल ते पाहिलं आणि चोर घेतला. हातावर चोळून आला म्हणालो, म्हणजे हाताबद्दल कोणी विचारू नये.

हे मुलीसाठी केलं असं म्हणता येईल. मी स्वतःशी बरीच वर्षं म्हटलं. पण मुलीचं लग्न लागून ती सासरी गेली, तिला मुलं झाली, मग मी का नाही बोललो? सरकारी दवाखान्यात महारोगाची तपासणी होते, औषध फुकट मिळतं, हे मला माहीत होतं. गुपचूप नेलं असतं तर तिथं एका भेटीत कळलं असतं की हा महारोग नाही, मग काय आहे ते कोणीतरी शोधलं असतं. हात तेव्हा जायला लागला होता, गेला नव्हता. ढाब्यावर पाय घासताना पाहिला तेव्हाही चालत होता. मी का नाही नेलं? कारण त्याला नेणं म्हणजे तो चोर नव्हता हे मान्य करणं. आणि खरं — अगदी खरं — सांगू? बाजारात आता सरळ माणूस म्हणून माझं नाव घ्यायला लागले होते. भावानं बुडवलेला बिचारा लालसिंग. गूळ माझ्या भाकरीवर आला होता.

ऑपरेशन झालं. वसराम वाचला. मानेमागं उभी शिवण आहे, काठीनं चालतो, हाताच्या बोटांचे आकडे झाले आहेत. हसला तर आता डोकं फुटत नाही, पण हसायची सवय गेली आहे.

दवाखान्यातून निघायच्या आधी, शेवंती औषधं आणायला गेलेली असताना, तो माझ्याशी बोलला. आमच्या घरच्या गोर बोलीत बोलला, मी इथं मराठीत लिहितो. म्हणाला, "महारोग नव्हता म्हणते डॉक्टरीण. मले त्या दिवशी तसंच वाटलं होतं भिया. फोड पाहिला आन कळलं का हात गेला. सांगणार होतो का मी काही चोळलं नाही, मले लागतच नाही. पण तुह्या पोरीचं लगन होतं. म्हणून चूप बसलो."

मी खिडकीकडं पाहत होतो. तोंड मिटून घेतलं होतं ते त्यानं यासाठी. जे मी त्याच्याकडून लबाडीनं काढून घेतलं, ते तो आपणहून देत होता. मागितलं असतं तरी दिलं असतं.

मग त्यानं विचारलं, "तुले खरंच वाटलं का, मी चोळून आलो म्हणून?"

त्याला फक्त एवढं हवं होतं. भाऊ चुकला होता की भावानं जाणून केलं, एवढंच. उत्तर माझ्याजवळ होतं, समोर दुसरं कोणी नव्हतं, कोणाचं लग्न नव्हतं.

मी म्हणालो, "हो रे. वाटलं."

तो म्हणाला, "मंग ठीक हाय." आणि डोळे मिटून पडला.

आता तो माझ्या आवारात राहतो. मी आणून ठेवला, म्हणून तांडा मला देवमाणूस म्हणतो — चोर भावालाही सांभाळतो म्हणतात. त्याच्यासमोर म्हणतात. दुकानात तो गेला की दुकानदार गल्ल्याकडं सरकतो. वसराम पाहतो आणि काठी टेकत परत येतो. परवा मी त्याचे पायठसे पाहिले, दारापासून निंबापर्यंत आणि निंबापासून परत. बैठकीच्या जागेपर्यंत तो जात नाही. अलीकडूनच वळतो.

या गोष्टीचा जाब कोणीतरी द्यायला हवा. डॉक्टरांनी नाही, त्या व्यापाऱ्यानं नाही, मेलेल्या नायकानं नाही, आणि जन्मतःच आखूड राहिलेल्या हाडानंही नाही. आता त्या नायकांचा मुलगा नायक आहे. हे मी त्याच्याच हातात देणार आहे आणि सगळ्यांसमोर वाचायला सांगणार आहे. त्यानं बैठक बोलवावी. वसरामला खाट टाकून मधोमध बसवावं. जे थुंकले त्यांनी यावं, ज्यांनी विहिरीवर जागा दिली नाही त्यांनीही यावं. आणि मला उभं करून विचारावं, लालसिंग, तुला कधी कळलं होतं? विचारल्याशिवाय सोडू नका. मी आवाज चढवला तर गप्प करा. शपथ हवी असेल तर कापूर आणा, खाली पान ठेवू नका.

माझ्या हाताला सगळं लागतं.